छत्रपती संभाजीनगरचे नागरी पर्यटन : जलव्यवस्था आणि वारसास्थळे यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या पर्यटन नकाशावर छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराला महत्त्वाचे स्थान आहे. तथापि, हे महत्त्व बहुतांशी वेरूळ व अजिंठा या लेण्यांमुळे प्राप्त झालेले आहे. १९८३ मध्ये या दोन्ही स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. वेरूळ शहरापासून सुमारे ३० कि.मी., तर अजिंठा सुमारे १०० कि.मी. अंतरावर आहे. परिणामी, पर्यटक शहरात मुक्काम करतो, सकाळी लेण्यांकडे जातो आणि बीबी का मकबरा पाहून परततो. शहर हे स्वतः पाहण्याचे स्थळ न राहता मुक्कामाचे ठिकाण बनते. या शहराची रचना ज्या तत्त्वावर उभी राहिली ते तत्त्व, म्हणजे पाणी, लक्षात घेतल्यास येथील विखुरलेली स्थळे एका सूत्रात कशी येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी राजधानी वसविली. नावाप्रमाणेच हा परिसर खडकाळ होता. मराठवाड्याच्या या पठारावर पावसाचे प्रमाण मर्यादित असून बारमाही वाहणारी मोठी नदी शहराजवळ नाही. अशा ठिकाणी सैन्य, कारागीर व व्यापारी यांची वस्ती टिकवायची तर पाण्याची स्वतंत्र व्यवस्था अपरिहार्य होती. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला व शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेल्यानंतर शहराचे राजकीय महत्त्व ओसरले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९९४ मध्ये त्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. पुढे चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे शहराला आधुनिक रूप प्राप्त झाले. २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर झाले.

नहर : अदृश्य वारसा

मलिक अंबरने निर्माण केलेली व्यवस्था 'नहर-ए-अंबरी' या नावाने ओळखली जाते. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी भूमिगत बांधीव नाल्यांत एकत्र करून, केवळ उताराच्या आधारे ते शहरात आणले गेले. हवा खेळती राहावी व गाळ काढता यावा यासाठी मार्गात ठिकठिकाणी उभी विवरे ठेवण्यात आली. शहरात हे पाणी खापरी नळांद्वारे हौदांपर्यंत पोहोचत असे. पाणी उपसण्यासाठी मनुष्यबळ वा जनावरे लागत नसत, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. पुढील काळात अशाच पद्धतीच्या आणखी नहरी बांधल्या गेल्या.

पर्यटकाला हे तत्त्व प्रत्यक्ष पाहता येते ते पाणचक्की येथे. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात, नहरीचे पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते. या पाण्याच्या बळावर चक्कीचे पाते फिरून दर्ग्यातील फकीर व यात्रेकरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. पर्यटक कोसळणारे पाणी पाहून समाधान मानतो. ते पाणी तेथपर्यंत कसे आले, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो.

अन्य प्रमुख स्थळे

बीबी का मकबरा ही औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची कबर असून तिची उभारणी सतराव्या शतकात झाली. ताजमहालाशी होणाऱ्या तुलनेमुळे या वास्तूचे स्वतंत्र गुण झाकोळले जातात. येथे संगमरवर भिंतींच्या खालच्या भागात व घुमटात वापरला असून मधला भाग स्थानिक काळ्या दगडाचा आहे व त्यावर चुन्याचा नाजूक गिलावा आहे. चारबाग पद्धतीची बाग, कारंजी व पाण्याचे पाट यांमुळे ही वास्तूही पाण्याच्या उपलब्धतेशी जोडलेली आहे.

मकबऱ्याच्या उत्तरेकडील डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. या बौद्ध लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यातील, बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या उपासकांच्या मूर्ती आणि सातव्या लेण्यातील अवलोकितेश्वर अभ्यासकांनी आवर्जून पाहाव्यात. विद्यापीठ परिसरालगतचा सोनेरी महाल, तसेच शहरातील भडकल, दिल्ली, पैठण व मकई हे दरवाजेही उल्लेखनीय आहेत. बावन्न दरवाजांचे शहर अशी परंपरेने ख्याती असली, तरी आज त्यांपैकी मोजकेच उभे आहेत. हिमरू विणकाम हा येथील जिवंत वारसा होय.

संवर्धनाचा प्रश्न

दरवाजा पडला तर तो सर्वांना दिसतो. जमिनीखालील नहर फुटली तर ते कोणाच्याही लक्षात येत नाही. इमारतीचा पाया खोदणे, रस्तारुंदी, सांडपाणी मिसळणे ही अशा नालिकांच्या ऱ्हासाची कारणे होत. भूमिगत मार्ग अखंड असला तरच तो कार्य करतो. एका ठिकाणी खंड पडला की पुढील सर्व भाग निरुपयोगी ठरतो. आज शहराचे पाणी सुमारे ५० कि.मी. अंतरावरील जायकवाडी जलाशयातून पंपाद्वारे उचलून आणावे लागते व त्यासाठी सातत्याने वीज खर्च होते. जुनी नहर आजच्या लोकसंख्येची गरज भागवू शकणार नाही, हे स्पष्ट आहे. मात्र ज्या शहरात उन्हाळ्यात पाण्याची वाट पाहावी लागते, तेथे उताराच्या आधारे चाललेल्या व्यवस्थेचे अवशेष नष्ट होऊ देणे ही केवळ सौंदर्याची हानी नसून ज्ञानाची हानी आहे.

निष्कर्ष

अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते. त्यांपैकी एक दिवस शहरदर्शनासाठी राखून ठेवणे सहज शक्य आहे. सकाळी औरंगाबाद लेणी, नंतर मकबरा, दुपारी पाणचक्की व शेवटी दरवाजे असा क्रम घेतल्यास डोंगरापासून शहरापर्यंत येणाऱ्या पाण्याची दिशाच पर्यटकाच्या वाटेची दिशा ठरते. इतिहास, भूगोल व स्थापत्य या विषयांच्या प्राध्यापकांनी क्षेत्रभेटींतून विद्यार्थ्यांकडून उभ्या विवरांची नोंद व नकाशे तयार करून घेतल्यास अदृश्य वारशाला किमान कागदावर तरी अस्तित्व लाभेल. ज्याची नोंद नाही त्याचे संरक्षण होत नाही. म्हणून संवर्धनाची पहिली पायरी नोंदणी हीच होय.