गोळा जमतो कशामुळे?

सोलापुरात हिमवर्षाव होत नाही, हे कुणाला सांगायला नको. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि माणसं भिंतीच्या सावलीने चालू लागतात. तरीही बर्फाचा कीस दाबून त्याचा घट्ट गोळा करण्याचं कसब इथल्या प्रत्येक गोळेवाल्याच्या हातात असतं. उलट, याच गावातलं एखादं कुटुंब जानेवारीत मनालीला जातं, पोरं हौसेने बर्फाचा बाहुला करायला बसतात आणि सकाळच्या थंडीत तो भुगा नुसता बोटांतून गळत राहतो. बर्फाच्या मुलखात गोळा जमेना आणि उन्हाच्या गावात जमतो, हे कसं?

आपल्या बोलण्यात दोन्हीला बर्फच म्हणतात. कारखान्यातली लादी ती बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. पुढच्या बोलण्यापुरतं, आभाळातून पडणाऱ्या भुरभुरीत बर्फाला आपण हिम म्हणू.

आता गोळेवाल्याच्या गाडीकडे बघा. लादी गोणपाटात गुंडाळलेली असते आणि गोणपाट ठिबकत असतं. ठिबकतंय याचा अर्थ लादीचं तापमान शून्य अंशावर येऊन थांबलं आहे. हवा कितीही तापो, वितळणारा बर्फ शून्याच्या वर जात नाही. येणारी सगळी उष्णता वितळण्यात खर्च होते. त्यामुळे रंध्यावरून पडणारा कीस ओलसर असतो. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळसा थर येतो आणि तो त्यांना धरून ठेवतो. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, ओलसर वाळूचा होतो आणि पाणी जास्त झालं की तोच किल्ला बसतो. बर्फाचंही थेट तसंच.

पण वाळूच्या पुढची एक गोष्ट बर्फाला साधते. वाळूचे कण ओलाव्यामुळे नुसते चिकटतात, बर्फाचे कण एकमेकांत रुजतात. १८५० मध्ये लंडनला मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिलं, की शून्य अंशाला ओल्या झालेल्या बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले, तरी ते जोडले जातात. त्यांचं म्हणणं असं, की बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा एक अतिशय पातळ थर असतोच. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने शेजारी नसतो, त्यामुळे ते आतल्या रेणूंइतके जखडलेले नसतात. दोन तुकडे टेकले की तो थर मध्ये सापडतो, दोन्हीकडून शेजारी मिळतात आणि तो गोठतो. त्या काळी अनेकांना हे पटलं नाही. आज मात्र तो थर उपकरणांनी मोजलेला आहे. शून्याच्या जवळ तो जाड होतो, थंडी वाढली की झिरपत गेल्यासारखा पातळ होतो.

शाळेत आपण दुसरंच कारण शिकलो: दाब दिला की बर्फ वितळतो, दाब काढला की पुन्हा गोठतो. खोटं नाही ते, पण हिशेब करून बघा. वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला वातावरणाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. तळहाताने कितीही आवळलं तरी एखाद्या वातावरणाइतका दाब पडला तर पडला. कणांची टोकं टेकतात तिथे तो जास्त असतो हे खरं. त्यामुळे शून्याच्या अगदी जवळ दाबाची थोडी मदत होते. उणे १० अंशांना मात्र हाताच्या दाबाने काही साधत नाही.

हिमाचे अभ्यासक ओलाव्यावरून हिमाचे पाच प्रकार करतात. पहिला कोरडा, हा दाबला तरी जमत नाही. आकारमानाच्या ३ टक्क्यांपर्यंत पाणी असेल तर दमट. हा दाबला की लगेच धरतो. पुढे ८ टक्क्यांपर्यंत ओला, १५ टक्क्यांपर्यंत फार ओला आणि त्याच्यावर गेला की नुसता चिखल. बाहुल्याला दमट हिम लागतं, फार तर किंचित ओलं. म्हणजे हवा शून्याच्या आसपास हवी. मनालीत सकाळी जमत नसेल तर उन्हं वर येईपर्यंत चहा घ्या आणि दुपारी प्रयत्न करा. गुलमर्ग त्याहून उंच, सुमारे २६५० मीटर. तिथला कोरडा भुगा घसरखेळ करणाऱ्यांना फार प्रिय, बाहुले करणाऱ्यांना नाही.

घरी पडताळायचं असेल तर फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ कुटून लगेच दाबून पाहा, भुगा सुटा राहील. पाच मिनिटांनी पुन्हा दाबा. (गोळा खायचा असेल तर बर्फाचा रंग मात्र बघा. २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळसर रंग घालणं बंधनकारक केलं. निळी झाक दिसली, तर तो बर्फ पोटात जाण्यासाठी नाही.)

कोरडं हिम जमत नाही म्हणालो, ते घाईच्या माणसासाठी. वेळ दिला तर तेही जमतं. पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवलेले बर्फाचे खडे आठवड्याने एकसंध झालेले असतात, पाण्याचा थेंब न पडता. जिथे कण टेकतात तिथे रेणू हळूहळू सरकून येतात आणि जोडाची मान जाड होत जाते.

हिमस्खलनात हेच फार वेगाने घडतं. डोंगरावरून घसरताना हिमाचे कण फुटतात, बारीक होतात, घासून किंचित तापतात आणि थांबताक्षणी गच्च बसतात. काही मिनिटांत ते इतकं कडक होतं, की आत सापडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेले बरेच जण वाचतात. अर्ध्या तासानंतर फार थोडे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये १९ हजार फुटांहून उंचावरच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. तो ढीग उपसायला खडक कापायची यंत्रं वापरावी लागली. धारवाड जिल्ह्यातले लान्सनाईक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. हिमप्रदेशात जाणाऱ्या जाणत्या पथकात प्रत्येकाच्या पाठीवर एक फावडं असतं, कारण बसलेलं हिम हाताने उकरता येत नाही.