गाडी १९०९ची, मग टायर काळे कसे?

विंटेज गाड्यांच्या प्रदर्शनात १९०९ सालची फोर्ड मॉडेल टी उभी असते. पितळी दिवे लखलखत असतात, लाकडी आऱ्यांना ताजं वार्निश असतं, बैठकीचं चामडंही त्या काळच्या पद्धतीनं शिवलेलं असतं. आणि चाकांवर असतात काळेकुळकुळीत टायर. बहुतेकांना त्यात काही खटकत नाही, कारण टायर म्हटला की तो काळाच. जाणकार मात्र तिथेच थबकतो. १९०९ साली मोटारींचे टायर काळे नव्हते. ते पांढुरके असत, राखाडी असत, काही तांबूसही असत.

रबराच्या झाडाचा चीक मुळात पांढरा. गंधक घालून तापवला की रबर टिकाऊ होतं, आणि त्याला बळकटी यावी म्हणून त्यात झिंक ऑक्साइड मिसळत. ते पांढरंशुभ्र, म्हणून टायरही फिकट. लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या एका रबर कारखान्यात १९०४च्या सुमारास झिंक ऑक्साइडऐवजी काजळी मिसळून पाहण्यात आली आणि रबराचा कायापालट झाला. काजळीचे कण अतिसूक्ष्म असतात. रबराच्या लांबच लांब रेणुसाखळ्या त्यांच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतात, त्यामुळे रस्त्यावर घासताना रबर सहजी फाटत नाही. शिवाय काजळी सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते. अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीनं ही कृती मिळवली आणि पुढच्या दशकभरात काळा टायर सर्वत्र झाला. सुरुवातीला काजळी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालत, बाजू पांढरीच राहू देत. पुढे अनेक वर्षं ऐट म्हणून मिरवलेल्या पांढऱ्या पट्ट्याचा उगम तिथला आहे.

तेव्हा रंगावरून काळाचा पहिला अंदाज येतो. नेमकं साल सांगतात ते टायरच्या बाजूवरचे आकडे. फक्त ते वाचण्याची रीत दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत गेली आहे.

मॉडेल टीच्या पुढच्या चाकांना ३० × ३ आणि मागच्या चाकांना ३० × ३½ मापाचे टायर होते. इथे ३० हा टायरचा बाहेरचा व्यास, इंचांत; दुसरा आकडा जाडीचा. टायर तेव्हा जवळजवळ गोल नळीसारखे असल्यामुळे जितकी जाडी तितकीच उंची. म्हणजे ३० मधून दोन्ही बाजूंचे तीन-तीन इंच वजा केले की रिम निघते २४ इंचांची. मागच्या चाकाची निघते २३ इंचांची. आजच्या सवयीनं कुणी ‘३० इंची रिम’ शोधू लागला, तर जन्मभर सापडणार नाही. हे टायर रिमवर बसत तेही वेगळ्या पद्धतीनं. त्यांच्या कडेला रबराचा आकडा असे, तो रिमच्या वळलेल्या ओठात अडकवायचा आणि आतल्या हवेच्या दाबानं तो तिथे धरून ठेवायचा. दाब ५५ ते ६० पौंड लागे. हवा कमी झाली की टायर रिमवरून निसटण्याची भीती. नंतर कडेत पोलादी तार आली, टायर जाड आणि मऊ झाले, दाब निम्म्यावर उतरला आणि माप लिहिण्याची पद्धतही बदलली: आधी जाडी, मग रिमचा व्यास. १९२८-२९ची फोर्ड मॉडेल ए ४.५०-२१वर धावते, १९३०-३१ची ४.७५-१९वर. एकच मॉडेल, पण चाक दोन इंचांनी लहान झालेलं. १९२९ची म्हणून सांगितलेली गाडी १९ इंची चाकांवर उभी दिसली, तर चाकं मागाहून आली आहेत किंवा सांगितलेलं साल चुकलं आहे.

पुढच्या काळातल्या अमेरिकी गाड्यांत हा हिशेब आणखी काटेकोर होतो. १९६४च्या पाँटियाक जीटीओला लाल रेघेचे ७.५०-१४ टायर होते. पुढच्याच वर्षी माप झालं ७.७५-१४. पांढऱ्या पट्ट्याचंही तसंच. १९५७च्या शेव्हरोले बेल एअरवरचा पट्टा दोन-अडीच इंच रुंद. १९६२पासून बहुतेक गाड्यांवर तो जेमतेम इंचभर उरला. १९६२नंतरच्या गाडीवर रुंद पट्टा चढवणारे आजही पुष्कळ भेटतात. छायाचित्रात ते देखणं दिसतं, पण त्या गाडीच्या काळात ते नव्हतं.

ही केवळ दिसण्यापुरती बाब असती, तर तिच्यावर इतकं लिहिण्याचं कारण नव्हतं. टायरचं माप गाडीच्या साऱ्या गणितात शिरलेलं असतं. १९६१ची जॅग्वार ई-टाइप ६.४०-१५ मापाच्या डनलपवर आली, पुढे तिला १८५-१५ मापाचे रेडियल मिळाले. दोन्हींचा बाहेरचा व्यास ६८५ ते ६९० मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याजागी आज सहज मिळणारा २०५/६० आर १५ चढवला, तर रिम तीच राहते. पण व्यास ६२७ मिलिमीटरवर उतरतो. स्पीडोमीटर १०० दाखवत असेल, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९२च्या जवळपास पळत असते. इंजिन नाहक जास्त फेरे मारतं, गाडी जमिनीजवळ येते, आणि ज्या रेषांसाठी ही मोटार जगभर ओळखली जाते त्यांत चाकाभोवती मोकळी पोकळी दिसू लागते.

सगळ्यात मोठा बदल मात्र टायरच्या पोटात झाला, आणि तो बाहेरून दिसत नाही. जुन्या टायरमध्ये कापसाचे, पुढे रेयॉन किंवा नायलॉनचे दोरे एकमेकांना छेदत तिरपे जातात. बाजू आणि तळवा दोन्ही त्याच थरांचे, त्यामुळे वळणावर बाजू वाकली की तळवाही मुरडतो, रस्त्यावरून थोडा उचलला जातो. थर एकमेकांवर घासून उष्णता वाढते ती वेगळीच. मिशलँ कंपनीनं १९४६मध्ये पेटंट घेतलेल्या आणि १९४९मध्ये बाजारात आणलेल्या ‘एक्स’ टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे नेले आणि तळव्याखाली पोलादी तारांचा पट्टा गुंडाळला. हाच रेडियल टायर: बाजू लवचीक, तळवा ताठ. टायरचं आयुष्य वाढलं, पकड वाढली.

सित्रोएन डीएस ही या टायरला धरूनच घडलेली मोटार. १९५५मध्ये ती आली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांवर १६५-४०० आणि मागच्या चाकांवर १५५-४०० मापाचे मिशलँ एक्स होते. पुढचे रुंद, मागचे अरुंद, कारण इंजिनाचं वजन आणि ओढण्याचं काम दोन्ही पुढच्या चाकांवर. इथला ४०० हा रिमचा व्यास, पण मिलिमीटरमध्ये. इंचांत तो होतो १५.७५. त्या रिमवर १५ इंची टायर चढतच नाही, आणि १६ इंची टायर चढला तरी सहा मिलिमीटरनी सैल राहतो, म्हणजे केव्हाही दगा देतो. कुणी ‘थोडासा फरक आहे, चालून जाईल’ म्हणालं, तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडावं.

उलट प्रकारही घडतो. तिरप्या दोऱ्यांच्या टायरसाठी बनलेल्या १९३०-४०च्या गाडीला रेडियल बसवले की ती चांगली चालेल असं वाटतं. काही गाड्या चालतातही. पण तिरपा टायर वळणावर हळूहळू घसरू लागतो, चालकाला आधी कळवतो; रेडियल बराच वेळ घट्ट धरून ठेवतो आणि मग पटकन सोडतो. जुनी स्प्रिंग, जुनं स्टिअरिंग पहिल्या स्वभावाला धरून बेतलेलं असतं. वाढलेल्या पकडीचा ताण जुन्या रिमवर आणि आऱ्यांवर येतो. एकाच धुरीवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला तिरपा, हे तर कधीच नको. दोन धुरींवर दोन प्रकार असतील, तर ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे रेडियल मागेच लागतात; पुढे रेडियल आणि मागे तिरपे असतील, तर मागची बाजू आधी सुटून गाडी गरकन फिरते.

मग जुना, अस्सल, त्याच सालचा टायर मिळाला तर? स्टेपनीच्या जागी असे टायर खरोखर सापडतात. पन्नास-साठ वर्षं डिकीच्या अंधारात पडलेले, नक्षी जशीच्या तशी, बाजूवर कारखान्याचं नाव ठसठशीत. कुठला टायर गाडीबरोबर आला होता हे सांगणारा त्याहून चांगला पुरावा नाही. तो जपावा, त्याची मापं आणि छायाचित्रं घ्यावीत, प्रदर्शनात मांडावा. रस्त्यावर मात्र चढवू नये.

कारण रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. नैसर्गिक रबराच्या साखळीत ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो. अत्यल्प प्रमाणातला ओझोनही पुरतो. रबर जिथे ताणलेलं, तिथे ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक भेगा उमटतात. संरक्षणासाठी घातलेलं मेण टायर फिरताना, दबताना-सुटताना पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते येत नाही, म्हणून कमी चाललेल्या गाडीचे टायर काही वेळा जास्त खराब निघतात. आतही ऑक्सिजन शिरतो, नवे गंधकी बंध जुळत जातात, रबर कडक होतं आणि दोऱ्यांपासून सुटू लागतं. कापसाच्या दोऱ्यांना ओल लागली की ते कुजतात. यातलं काहीच नक्षीवरून कळत नाही. २०१२मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला. तो टायर एकोणीस वर्षांहून जुना होता. पुढे फेब्रुवारी २०२१पासून ब्रिटननं बस आणि ट्रकच्या पुढच्या धुरीवर दहा वर्षांपेक्षा जुन्या टायरना बंदी घातली.

वय कळण्यासाठी अमेरिकेत १९७१पासून टायरवर सांकेतिक क्रमांक येऊ लागला. २०००पासून त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष दाखवतात. त्याआधी आकडे तीनच होते. २२५ म्हणजे बाविसावा आठवडा, पण साल १९७५ की १९८५ हे नक्षी, माप आणि बाजूवरच्या मजकुरावरून ठरवावं लागतं. ‘वेस्ट जर्मनी’ अशी अक्षरं असतील, तर टायर १९९०च्या एकीकरणापूर्वीचा.

दिसायला जुना आणि रबरानं नवा टायर मिळतो तो साच्यांमुळे. टायर पोलादी साच्यात तापवून घडवला जातो. नक्षी आणि अक्षरं त्या साच्यातच कोरलेली असतात. कंपन्यांनी मापं बदलली तसे जुने साचे भंगारात किंवा गोदामात गेले. अमेरिकेत चॅटनूगा इथल्या कोकर टायरनं असे साचे शोधून, काही नव्यानं कोरून, आजच्या रबरात जुने टायर काढले. मिशलँ आपले एक्सएएस आणि एक्सडब्ल्यूएक्स हे जुने टायर आजही बनवते. पिरेलीनं स्वतःच्या संग्रहातली जुनी रेखाटनं पाहून अशीच मालिका काढली. आत रेडियल, पण बाहेरून तिरप्या टायरसारखे उभट आणि निमुळते, असेही टायर आता मिळतात. ज्याला गाडी रोज चालवायची आहे, त्याच्यासाठी ही तडजोड योग्य म्हणायला हवी.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. डनलपचा हुगळीकाठचा साहागंज इथला कारखाना १९३६मध्ये सुरू झाला, फायरस्टोनचा कारखाना मुंबईत शिवडीला होता, पुढे भांडुपला सीएट आली. इंग्लंडहून मुंबईत उतरलेल्या मोटारीचे पहिले टायर झिजले की तिला साहागंजचे किंवा शिवडीचे टायर लागत. अशा गाडीचा इथला इतिहास जपायचा, तर इंग्लंडच्या माहितीपत्रकाइतकंच मोल मालकाच्या घरातल्या जुन्या छायाचित्राला आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ नोंदणी आणली, तीत चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असण्याची अट आहे. टायरचा शोध मालकाला स्वतःच घ्यावा लागतो, आणि जून २०२०पासून नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत गेल्यानं परदेशातून मागवणं अवघड झालं आहे.

इथे घडलेल्या गाड्यांचं त्या मानानं सोपं. अँबॅसडरचं ५.९०-१५ हे माप देशी कंपन्यांनी दीर्घकाळ बनवलं, तसंच प्रीमियर पद्मिनीचं ५.२०-१४. जुन्या विलीज जीपचं ६.००-१६ तर तालुक्याच्या गावातही मिळतं, पण घेताना नक्षी बघून घ्यावी. तेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचंही आहे. ट्रॅक्टरच्या टायरवर मधोमध उंच रबरी धारा असतात आणि तो ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगासाठी बनलेला असतो. ६.००-१६ हेच माप जॅग्वार एक्सके १२०चंही आहे, आणि त्या गाडीच्या नावातला आकडा तिचा कमाल वेग सांगतो: ताशी १२० मैल.