वाळवीच्या घरचा आंधळा भुंगा



खसखशीचा एक दाणा तळहातावर घ्या आणि त्याच्या शेजारीं मोहरीचा एक दाणा ठेवा. ज्या प्राण्याविषयीं मी आज बोलणार आहें, तो आकारानें या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसतो. त्याची लांबी सुमारें १.२ मिलिमीटर, आणि एवढ्याशा देहांत सहा पाय, दोन मिशा, पाठीवर कठीण कवच, सर्व कांहीं यथास्थित आहे. नाहींत ते फक्त डोळे.

या किड्याचें वर्णन २०१२ सालीं जपानांतील क्यूशू विश्वविद्यालयाच्या संग्रहालयाचे कीटकशास्त्रज्ञ मुनेतोशी मारुयामा यांनीं प्रसिद्ध केलें. किडा सांपडला कंबोडिया देशांत. त्याचें नांव टर्मिटोट्रॉक्स क्यूपिडो. नांव उच्चारावयास अवघड आहे खरें, पण तें कां दिलें हें कळल्यावर विसरणें कठीण जाईल. तिकडे मी मागाहून येतों.

प्रथम कुळाची ओळख. शेणाचा गोळा करून तो मागल्या पायांनीं लोटीत नेणारा शेणकिडा आपण पाहिला असेल. नारळाच्या कोंवळ्या पोग्याला भोंक पाडणारा गेंडा भुंगा बागाइतदारांस चांगला ठाऊक आहे, आणि उसाचीं मुळें कुरतडणारी हुमणी तर शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते. हे सर्व एकाच कुळांतले. या कुळाला स्कॅरॅब असें म्हणतात. प्राचीन मिसर देशांतील लोक ज्याला पवित्र मानीत तो भुंगाही यांतलाच. या कुळाची खूण मिशांच्या टोंकाशीं असते. तेथें पातळ पाकळ्या असून त्या पंख्याप्रमाणें उघडतां व मिटतां येतात. आफ्रिकेंतील गोलिअथ भुंगा दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि आपला हा कंबोडियाचा सव्वा मिलिमीटरचा; तरी दोघे एकाच वंशाचे, हें पाहून मोठें नवल वाटतें.

आतां याचें घर पाहूं. हा राहतो वाळवीच्या वारुळांत. वाळवी लांकूड खाते हें आपण जाणतोंच, परंतु लांकडांतील चिवट तंतु पचविणें कांहीं सोपें नव्हे. वाळवीच्या एका मोठ्या गटानें यावर जी युक्ति काढली आहे ती खरोखर शेतकऱ्याला साजेल अशी आहे. खाल्लेला पालापाचोळा व लांकूड कामकरी वाळवी अर्धवट पचलेल्या स्थितींत वारुळांतील लहान लहान खोल्यांत रचते. त्या रचनेला स्पंजासारखी जाळीदार घडण येते, आणि तिच्यावर एक विशिष्ट बुरशी वाढते. बुरशीनें तो माल मऊ केला, कीं वाळवीला तो खातां येतो. आपल्याकडेही ही शेती करणारी वाळवी आहे. कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्यांत वारुळांवर जी अळंबी उगवते आणि जी आपण इतक्या आवडीनें खातों, ती या जमिनीखालच्या मळ्याचाच बहर होय.

जेथें मळा आहे तेथें केरकचराही आलाच. हायपोटर्मिस माखामेन्सिस नांवाच्या वाळवीच्या वारुळांत, बुरशीच्या खोल्यांमधील अशा केराच्या ढिगांत हा भुंगा मिळाला. जेथें अंधाराखेरीज कांहीं नाहीं, तेथें डोळ्यांचा उपयोग तो काय? पिढ्यान् पिढ्या निरुपयोगी राहिलेला अवयव शेवटीं नाहींसा झाला. याच्या पाठीवर मात्र केसांचे दोन झुबके असून त्यांचा आकार चिमुकल्या पंखांसारखा दिसतो. मुंग्यांच्या अगर वाळवीच्या आश्रयानें राहणाऱ्या पुष्कळ किड्यांच्या अंगावर असे झुबके असतात. त्यांच्याजवळील ग्रंथींतून स्राव पाझरतो आणि त्यामुळें यजमान प्रसन्न राहतात, असें शास्त्रज्ञ मानतात. रोमन लोकांचा मदन जो क्यूपिड, त्याच्या पाठीवर असेच इवलेसे पंख दाखवितात. म्हणून हा क्यूपिडो. पहिला शब्द टर्मिटोट्रॉक्स. त्याचा अर्थ वाळवींतला कुरतडणारा. डोळस देवाचें नांव आंधळ्या किड्याला दिलें असें कोणी म्हणेल. पण युरोपांतले चित्रकार क्यूपिडलाही पुष्कळदां डोळ्यांवर पट्टी बांधूनच रंगवितात!

पण एखादा किडा नवा आहे हें ठरवावयाचें कसें? सांपडणें हा त्यांतला सोपा भाग. टर्मिटोट्रॉक्स हें घराणें राइखेन्स्पर्गर यांनीं १९१५ सालींच स्थापिलें होतें आणि त्यांतील पूर्वीं ठाऊक असलेले भुंगे आफ्रिकेंतील व भारतांतील होते. तेव्हां कंबोडियाचा किडा हातीं आल्यावर त्याची त्या प्रत्येकाशीं तुलना करणें प्राप्त होतें. पाठीवरच्या कंगोऱ्यांची संख्या, मिशांचीं पेरीं, पायांची घडण, केसांची ठेवण हें सर्व सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावें लागतें. बाहेरून दोन जाती अगदीं सारख्या दिसल्या, तर नराच्या जननेंद्रियाचा कठीण भाग काढून तपासतात. कारण त्याची घडण जातीजातींत निराळी असते. नंतर वर्णन लिहावयाचें, चित्रें द्यावयाचीं, आणि एक नमुना निवडून तो त्या नांवाचा आधार म्हणून संग्रहालयांत ठेवावयाचा. १९९९ नंतर दिल्या जाणाऱ्या नांवांसाठीं असा आधारनमुना सांगणें सक्तीचें आहे. पुढें शंभर वर्षांनीं कोणी शंका काढली तर पुस्तकांतल्या शब्दांपेक्षां त्या सुकलेल्या देहाची साक्ष मोठी मानतात.

नांवांचा कायदाही कडक आहे. प्राण्यांच्या दुहेरी नांवांचा आरंभ लिनीयस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात, आणि एकाच प्राण्याला दोघांनीं नांवें दिलीं तर सामान्यतः आधीचें टिकतें. शाळेच्या हजेरीपटावर एका नांवाचे तीन विद्यार्थी असले म्हणजे काय गोंधळ उडतो हें मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. भुंगेऱ्यांच्या हजेरीपटावर तर साडेतीन लाखांहून अधिक नांवें आहेत! आपल्या देशांतील या कुळाची पद्धतशीर नोंद गिल्बर्ट अ‍ॅरो यांनीं १९१०, १९१७ व १९३१ या वर्षीं निघालेल्या तीन खंडांत केली. आजचे अभ्यासक अजूनही ते खंड उघडतात.

एवढ्याशा किड्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न घरोघर विचारला जातो. त्याचें उत्तर मला उसाच्या फडांत दिसतें. हुमणी म्हणून आपण ज्याला एक प्राणी समजतों, त्या वास्तविक अनेक जाती आहेत. माळावरची हुमणी म्हणजे होलोट्रिकिया सेराटा. वळवाचा पाऊस पडला, कीं तिचे भुंगेरे संध्याकाळीं जमिनींतून निघून कडुलिंबावर व बाभळीवर पाला खावयास जमतात. त्या वेळीं फांद्या हालवून ते पाडतां येतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकून मारतां येतात. नदीकाठची हुमणी म्हणजे ल्यूकोफोलिस लेपिडोफोरा. तिचा शिरस्ता वेगळा. दोहींना एकच समजून नदीकाठच्या फडाशेजारीं कडुलिंब हालवीत बसलेल्या माणसाचे श्रम व्यर्थ जातील, आणि उसाच्या बुडाशीं अळी आपलें काम चालूच ठेवील. पांढरी, वांकडी, मातींत लपलेली ती अळी पाहून जात ओळखणें कठीण; ज्यानें कधीं काळीं खपून त्या दोन नांवांमधला फरक लिहून ठेवला, त्याचे उपकार येथें कळतात.

कंबोडियाची गोष्ट मात्र क्यूपिडोपाशीं संपली नाहीं. दुसऱ्या एका जातीच्या वाळवीच्या घरीं, तसल्याच केराच्या ढिगांत, आणखी एक टर्मिटोट्रॉक्स मिळाला. तोही नवाच ठरला, आणि क्यूपिडोपेक्षां पुष्कळच मोठा निघाला. त्याला नांव दिलें व्हीनस. रोमन कथांत व्हीनस ही क्यूपिडची आई.