आवाज तुटला म्हणून रेकॉर्डिंग पुसू नका



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या लावल्या. फोनवर रेकॉर्ड करून गटाच्या जुन्या लॅपटॉपवर घेतल्या होत्या. लावल्या तर मध्येच करकर, मध्येच शब्द गायब. "खराब झालंय, पुसून टाका," असं ठरतही आलं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या, त्यांना पुन्हा कुठे बसवणार? तेवढ्यात एकीनं तीच फाईल फोनवर लावली. आवाज स्वच्छ! दोष लॅपटॉपचा होता.

असं का होतं? संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेले आकडे असतात. संगणक ते थोडे थोडे करून एका तात्पुरत्या साठ्यात भरतो, त्याला बफर म्हणतात. आवाज त्या साठ्यातून बाहेर येतो. छतावरच्या टाकीसारखंच आहे बघा. खाली नळ सारखा चालू, वर मोटार पाणी भरतेय. मोटार मागं पडली की टाकी रिकामी होते आणि नळ फुरफुरतो.

बॅटरी वाचवायच्या सेटिंगवर लॅपटॉप आपला वेग कमी ठेवतो. नव्या लॅपटॉपला हे जड जात नाही. पण जुना असेल आणि सोबत इतर कामं उघडी असतील, तर साठा वेळेवर भरत नाही.

मग काय करायचं?

आधी फाईल फोनवर ऐका. तिथं स्वच्छ वाजली, तर चार्जर लावा, बाकीची कामं बंद करा. फाईल पेन ड्राइव्हवर असेल तर लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये 'पॉवर मोड' शोधून 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. कार्यक्रम संपला की 'बॅलन्स्ड' करा, नाहीतर बॅटरी लवकर उतरते आणि लॅपटॉप तापतो. ब्लूटूथ स्पीकर असेल, तर एकदा वायर लावूनही बघा.

एक लक्षात ठेवा, या सेटिंगनं आवाज मुळापेक्षा गोड होत नाही. रेकॉर्डिंगमध्येच वाऱ्याचा घोंगाट असेल, तर तो तसाच राहणार. आणि लॅपटॉपवरच रेकॉर्ड करणार असाल, तर ही तयारी आधीच करा. तेव्हा सुटलेला शब्द नंतर कुठल्याच सेटिंगनं परत येत नाही.

आजींच्या ओव्या आता आम्ही दोन ठिकाणी जपून ठेवल्यात. तुम्हीही पुसण्याआधी एकदा फोनवर ऐका.