३५५ रेडियनची साइन

विद्यार्थ्यांना संगणकावर पाय रेडियन कोनाची साइन काढायला सांगावे. पुस्तकाप्रमाणे उत्तर शून्य. पायथनसारख्या भाषेत मात्र ०.०००००००००००००००१२२४६… अशी संख्या येते. ‘सर, संगणक चुकला!’ असा गलका ठरलेला. तो खरोखर चुकला का, हे पाहू.

कोन लहान असेल तर साइन काढणे सोपे आहे. कोनातून त्याच्या घनाचा सहावा भाग वजा करायचा, पाचव्या घाताचा १२० वा भाग मिळवायचा, असे पुढे जायचे. (केरळातील माधवाच्या परंपरेला ही श्रेढी युरोपच्या कितीतरी आधी ठाऊक होती.) आजच्या प्रणाली थोडे वेगळे सहगुणक वापरतात, पण रीत हीच. कोन मोठा असेल तर आधी त्यातून पायच्या पटी काढून टाकून तो लहान करायचा. खरी अडचण येते ती इथे.

कोन ३५५ रेडियन घेऊ. ३५५ भागिले ११३ ही पायची फार जवळची किंमत. चीनमधील झू चोंगझी याने ती पाचव्या शतकात दिली होती. म्हणजे ३५५ मधून पायची ११३ पट वजा केली की बाकी अगदी थोडी उरणार. ही वजाबाकी फळ्यावर करून पाहावी. पाय ३.१४१६ धरला तर बाकी उणे ०.०००८ येते. ३.१४१५९ धरला तर ०.०००३३. खरी बाकी आहे ०.००००३०१४४४. म्हणजे पहिल्यात चिन्हही चुकले आणि दुसऱ्यात उत्तर दहापटीहून मोठे आले! पायचे दहा दशांश घेतले, ३.१४१५९२६५३६, तरी बाकी ०.००००३०१४३२ येते, ३०१४ हे चारच अंक बरोबर. जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी झाली की पुढचे चांगले अंक परस्परांत नाहीसे होतात आणि मागची चूक तेवढी उघडी पडते. शिवाय ती ११३ पट झालेली असते.

कोन १ वर २२ शून्ये एवढा असेल तर पायचे चाळीसच्या आसपास अंक लागतात. त्याची साइन आहे उणे ०.८५२२००८४९७… मेरी पेन आणि रॉबर्ट हानेक यांनी १९८३ साली यावर उपाय मांडला. २ भागिले पाय या संख्येचे हजाराहून अधिक द्विमान अंक साठवून ठेवायचे, आणि कोनाच्या आकारानुसार लागतील तेवढेच गुणाकारात घ्यायचे. पूर्ण फेऱ्या देणारे अंक गुणायचेच नाहीत.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. पायला अंत नाही, संगणकाची जागा मर्यादित. त्यामुळे आपण ‘पाय’ म्हणून देतो ती संख्या असते ३.१४१५९२६५३५८९७९३११५९९७९६… संगणकाने या संख्येची साइन काढली आणि ती बरोबर काढली. इंटेलच्या प्रक्रियकांतील साइनची जुनी आज्ञा मात्र ६६ द्विमान अंकांचाच पाय वापरते. तिच्या या उत्तरात पहिले पाचच अंक बरोबर येतात. इंटेलच्या माहितीपुस्तिकेतील अचूकतेचा दावा २०१४ साली दुरुस्त करावा लागला.

खरा पाय आहे ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४६२६४… या दोन संख्या फळ्यावर एकाखाली एक लिहाव्यात आणि वजाबाकी विद्यार्थ्यांनाच करू द्यावी. पडद्यावरचे १२२४६ तिथे पुन्हा भेटतील.