दाराच्या पोटातली मशीन

जुन्या गाडीची काच अर्ध्यावर अडकली की मालकाचं निदान ठरलेलं असतं: मोटर गेली. गॅरेजवाल्यालाही ते सोयीचं पडतं, कारण मोटरसकट काच उचलणारी सगळी मशीन बदलली की डोकं चालवावं लागत नाही. वास्तविक मोटर ही दारातली बरीच चिवट वस्तू. तिच्याआधी दगा देणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात, आणि त्या ओळखण्यातच या कामाचं कसब आहे.

वेवजीच्या परिसरात तर या कसबाला कामाची वाण नसावी. तलासरी तालुक्याच्या टोकाचं हे गाव. शेजारचं सोळसुंबा गुजरातेत, उंबरगावची औद्योगिक वसाहतही लगतच. एमएच ४८, जुन्या एमएच ०४ आणि जीजे १५ अशा पाट्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर. झाई-बोरीगावचा समुद्र फार लांब नाही, म्हणून हवा दमट आणि खारी. चार महिने धो धो पाऊस, नंतर धूळ. खाऱ्या हवेने स्विचमधलं तांबं हिरवं पडतं आणि धूळ काचेच्या रबरात जाऊन बसते. एकट्या मोटरला दोष देण्यात अर्थ नाही तो यासाठी.

बटण दाबून काच हलवण्याची सोय अमेरिकेत १९४०च्या पॅकार्ड गाडीत आली. तेव्हा काच उचलण्याचं काम तेलाच्या दाबावर चाले. आपल्याकडे पुण्यात बनलेल्या टाटा सिएराने १९९१ मध्ये ती मिरवली. पुढे १९९८च्या इंडिकाच्या महाग मॉडेलांत आणि २००२च्या स्कॉर्पिओत ती दिसू लागली. त्या पिढीच्या गाड्यांनी आता पंधरा वर्षं ओलांडली. १ एप्रिल २०२२ पासून अशा मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. एवढे पैसे भरून गाडी ठेवणारा माणूस काचेसाठीही खिशात हात घालतोच.

चांगला कारागीर दार उघडण्याआधी कान लावतो. बटण दाबल्यावर दारातून काहीच आवाज नाही, तर बहुधा करंट पोचत नाही. मोटर घुरघुरते पण काच जागची हलत नाही, तर केबल तुटली किंवा काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप मोडली. काच रडतखडत वर येते, तर आधी रबर बघायचं. नुसतं ‘टक्’ वाजून गप्प बसली, तर काच किंवा मोटर कुठेतरी जाम आहे. बटण दाबून ठेवून दारावर थाप मारली आणि काच क्षणभर हलली, तर मोटरचे कार्बन घासलेत. तेवढे बदलून मिळाले तर मोटर वाचते. आणखी एक खूण आहे: तळव्याने दाबून काच खाली सरकली, तर मोटरपर्यंत जायची गरज नाही. मोटरच्या दांड्यावरचा आटा दातेरी चाक फिरवतो, पण चाक आट्याला उलट फिरवू शकत नाही. म्हणून जोडणी शाबूत असलेली काच हाताने खाली जात नाही.

मागच्या दोन्ही काचा एकदम बंद पडल्या, तर आधी चालकाच्या दारातलं लॉकचं बटण पाहावं. पोरांनी काचेशी खेळू नये म्हणून ते दाबलेलं असतं आणि मालक मात्र बिलाची तयारी करून आलेला असतो! चारही काचा मेल्या, तर फ्यूज किंवा रिले. एखादी काच स्वतःच्या बटणावर चालते पण चालकाच्या बटणावर नाही, तर दोष चालकाच्या स्विचमध्ये. आणि दार उघडं असताना काच चालते, लावल्यावर नाही, असं झालं तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर तुटलेली. वर्षानुवर्षं दार उघडून-मिटून आतलं तांबं तुटतं. वरून आवरण धडधाकट दिसतं म्हणून फसगत होते.

चालकाची काच सगळ्यांत जास्त राबते. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा होईपर्यंत मुंबईला जाताना चारोटीच्या आणि खानिवड्याच्या टोलनाक्यावर रोख पैशासाठी तीच खाली व्हायची.

दार उघडणं म्हणजे त्याच्या आतल्या बाजूचं पॅड काढणं. स्क्रू आर्मरेस्टच्या खाचेत लपलेले असतात आणि क्लिपा जुनाट प्लॅस्टिकच्या, ओढल्या की मोडणाऱ्या. काच वर ढकलून रुंद चिकटपट्टीने चौकटीला बांधल्याशिवाय पुढे जाऊ नये. कात्रीसारख्या हातांची मशीन असेल तर जास्त सांभाळावं: काही मशिनींत काचेचं वजन तोलायला ताणलेली स्प्रिंग असते. मोटर काढताच हात सुटून बोट चिरतं. केबलवाल्या मशीनमध्ये हे भय नाही, पण तिचा रोलर फुटला की केबलचा गुंता होऊन बसतो.

रबराच्या खाचेत ग्रीस घालायची सवय मात्र मोडायला हवी. ग्रीस धूळ धरतं आणि महिन्याभरात काच पुन्हा रेंगाळते. खाच ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉनचा स्प्रे मारला की बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं, मशीनला हात न लावता.

पॅडच्या मागे एक पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो. घाईत तो फाडून फेकतात, कारण तो नसला तरी काच चालते. पण काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी त्याच्यामुळेच बाहेरच्या पत्र्याच्या बाजूला राहतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. कागद गेला की पाणी पॅडमध्ये आणि तिथून स्विचमध्ये. भोकं मातीने बुजलेली असतील, तर दाराचा तळच गंजतो. म्हणून पॅड बसवण्याआधी कागद नव्या चिकटपट्टीने लावून घ्यावा, तारेने खालची भोकं मोकळी करावीत आणि काच वर-खाली करून पाहावी.