मार्करांतील टायटेनियमची पारख

रंगगोळ्यांचा खेळ, म्हणजे पेंटबॉल, प्रथम १९८१ सालीं अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत खेळला गेला. त्या वेळीं गड्यांच्या हातीं होतीं तीं झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्याचीं पिस्तुलें. म्हणून या बंदुकीस अद्यापि 'मार्कर' असेंच म्हणतात. पुढें कांहीं कारागिरांनीं तींत टायटेनियमचे भाग बसविले. ते थोडे, म्हणून संग्राहक त्यांस मोठी किंमत देतात, आणि फसतातही.

रंगावर विश्वासूं नये. करडा मुलामा दिलेलें ॲल्युमिनियमही 'टायटेनियम रंगाचें' म्हणून खपतें. लोहचुंबक घट्ट चिकटला, तर तो भाग टायटेनियमचा नव्हे. न चिकटला तर मात्र कांहींच ठरत नाहीं. ॲल्युमिनियम, पितळ व कित्येक स्टेनलेस पोलादेंही त्याला दाद देत नाहींत. धार लावण्याच्या चाकावर टायटेनियमच्या पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात खऱ्या, पण दुर्मिळ भाग खरा ठरतां ठरतां विद्रूप होतो!

खरी कसोटी पाण्याची. आधीं कोंडलेला वायू पूर्ण सोडून मार्कर उघडावा, भागावरील रबरी कडीं काढावींत. भाग कोरडा असतां ९० ग्रॅम भरला आणि दोऱ्यानें पाण्यांत टांगल्यावर ७० भरला, तर ९० ला २० नें भागून ४.५ ही टायटेनियमची घनता येते. ॲल्युमिनियमची सुमारें २.७, पोलादाची ७.८. मात्र पोकळींत हवेचा बुडबुडा राहिला, तर पोलादही टायटेनियम भासेल. म्हणून भाग पाण्यांत नीट हलवून दोनदां तोलावा.